बाबा, तेल सोडण्याआधी

तीर्थस्वरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रक्ततपासणीत एलडीएल वाढलेले आढळल्यापासून बाबांनी तेल, लोणी, अक्रोड आणि अंडी सरसकट बंद केली असून भूक लागली की ते पाव किंवा ‘फॅट-फ्री’ लिहिलेली गोड बिस्किटे खातात, असे आईने फोनवर सांगितले. बाबांचा निग्रह मला ठाऊक आहे. पण या वेळी तो चुकीच्या जागी खर्ची पडतो आहे असे मला वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. ते जितके जास्त असतील आणि जितकी वर्षे जास्त राहतील, तितके धमन्यांच्या भिंतींत शिरून साचतात. हे कण रक्तातून उचलून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात, आणि आहारात संपृक्त (सॅच्युरेटेड) स्निग्धांश वाढला की या रिसेप्टरचे काम मंदावते. लोणी, साय, चरबीयुक्त मांस, पाम तेल आणि खोबरेल तेल यांत असा स्निग्धांश भरपूर असतो. आई, खोबरेल तेलाचे गुणगान करणारा तू पाठवलेला संदेश मी वाचला. ते वनस्पतीपासून मिळत असले तरी त्यातला 80 टक्क्यांहून अधिक स्निग्धांश संपृक्त असतो, म्हणजे लोण्यापेक्षाही जास्त. त्याने ‘चांगले’ एचडीएलही, म्हणजे कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणारे कणही, वाढतात हे खरे. मात्र केवळ एचडीएल वाढवल्याने हृदयविकाराचे झटके टळतात, असे औषधांच्या मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही.

बाबा, तुमच्यासाठी खरा मुद्दा हा आहे की, एक पदार्थ ताटातून काढल्यावर त्याच्या जागी काय येते यावर सगळे अवलंबून असते. संपृक्त स्निग्धांशाच्या जागी मैदा आणि साखर आली, तर एलडीएल थोडे उतरले तरी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वाढतात, एचडीएल घटते आणि हृदयाच्या पदरात फारसे काही पडत नाही. त्याच जागी सूर्यफूल किंवा सोयाबीनचे तेल, अक्रोड, जवस, मासे अशा पदार्थांतला बहुअसंपृक्त (पॉलिअनसॅच्युरेटेड) स्निग्धांश आला, तर एलडीएल उतरते आणि धोकाही कमी होतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये जुन्या नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा अशा अदलाबदलीने हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. ऑलिव्ह तेलासारखी एकअसंपृक्त तेलेही याच बाजूची आहेत. म्हणजे तुम्ही अक्रोड सोडून बिस्किटे धरलीत, हा व्यवहार उलटाच झाला!

बिस्किटांचे आणखी एक. ‘फॅट-फ्री’ नसलेला पुडा आणलात, तर मागच्या बाजूला ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’ असे शब्द आहेत का ते चष्मा लावून वाचा, आणि असतील तर तो परत ठेवा. त्यातला ट्रान्स स्निग्धांश एलडीएल वाढवतो आणि वर एचडीएल कमीही करतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 1 टक्का एवढीच त्याची कमाल मर्यादा सांगितली आहे, म्हणजे 2000 कॅलरींच्या आहारात जेमतेम 2 ग्रॅम.

संपृक्त स्निग्धांशाची मर्यादा 10 टक्के आहे, म्हणजे तेवढ्याच आहारात सुमारे 22 ग्रॅम. मोठ्या चमचाभर लोण्यात साधारण 7 ग्रॅम असतो, त्यामुळे कधीतरी थोडे लोणी खाल्ले तर आकाश कोसळणार नाही. मात्र कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममधून 9 कॅलरी मिळतात, तेव्हा चांगले तेलही आईने बेतानेच वापरावे. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम बहुतेकांमध्ये संपृक्त स्निग्धांशाच्या मानाने कमी असतो. तुम्हाला किती चालतील ते डॉक्टरांनाच विचारा.

डॉक्टरांनी दिलेली, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी पथ्य पाळतो आहोत म्हणून परस्पर बंद करू नका. आहारातल्या बदलाचा परिणाम काही आठवड्यांतच रक्तात दिसू लागतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्या आणि दोन्ही अहवालांचे फोटो मला पाठवा.

तुमची लेक