एका किलोचा हिशेब: क्रीडा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: वेटलिफ्टिंग करणाऱ्या मुलींसाठी तालुका पातळीवर लागणाऱ्या गोष्टी, मीराबाई चानूच्या कारकिर्दीच्या आधारे.

महोदय,

7 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये मीराबाई चानूने 49 किलो गटात एकूण 199 किलो उचलले. थायलंडच्या खेळाडूचे 200 झाले आणि कांस्यपदक तिकडे गेले. त्याआधी दोन वर्षे, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरचे 248 आणि मलेशियाच्या खेळाडूचे 249. सुवर्णाचे रौप्य झाले तेही एका किलोने. किलोपेक्षा बारीक फरक या खेळात मोजतच नाहीत.

पदक आले की सत्कार होतो, बक्षीस जाहीर होते. त्याबद्दल तक्रार नाही. पण हा एक किलो स्पर्धेच्या दिवशी हरवत नाही. तो दहा-बारा वर्षे आधी, एखाद्या गावच्या व्यायामशाळेत हरवलेला असतो. मीराबाईची कारकीर्द जवळून पाहिली तर तो कुठे कुठे सांडतो ते दिसते. म्हणून तिचे उदाहरण घेऊन लिहीत आहोत.

मणिपूरच्या नोंगपोक काकचिंगची ही मुलगी इंफाळच्या खुमान लंपाक संकुलात अनिता चानू यांच्या हाताखाली तयार झाली. गावातून संकुलापर्यंत वाळूच्या ट्रकने जायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 2014 मध्ये ग्लासगोला राष्ट्रकुल रौप्य. या खेळात दोन प्रकार: स्नॅच, म्हणजे वजनाचा बार एका दमात जमिनीवरून डोक्यावर; आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर. प्रत्येकात तीन संधी, आणि दोन्हींतल्या सर्वोत्तम लिफ्टची बेरीज म्हणजे एकूण वजन. 2016 मध्ये रिओला क्लीन अँड जर्कच्या तिन्ही लिफ्ट फसल्या आणि एकूण वजनच लागले नाही. पुढच्याच वर्षी अनाहाइमला 194 किलो उचलून ती जगज्जेती झाली. मग पाठीची दुखापत आणि 2018 ची आशियाई स्पर्धा हुकली. एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला क्लीन अँड जर्कमध्ये 119 किलोचा विश्वविक्रम, जुलैत टोकियोला 87 आणि 115 मिळून 202 चे रौप्य. 2025 मध्ये नॉर्वेतल्या फोर्डे इथे 199 किलो आणि पुन्हा जागतिक रौप्य.

आता यातले दोन आकडे शेजारी ठेवा. क्लीन अँड जर्क 119, आणि ऑलिंपिकमधले स्नॅच 87, 88. साधारण हिशेबाने स्नॅच हे क्लीन अँड जर्कच्या 80 टक्क्यांच्या आसपास असायला हवे, म्हणजे 119 ला 95. तिचे भरते 74 टक्के. पायांत आणि पाठीत जगातली सर्वोच्च ताकद, पण ती डोक्यावर रुंद पकडीत पेलताना खांदा आडवा येतो. त्या खांद्याची आणि पाठीची जुनी तक्रार दुरुस्त करायला तिला 2020 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसला फिजिओथेरपिस्ट ॲरन हॉर्शिग यांच्याकडे जावे लागले. तेव्हा ती 26 वर्षांची होती.

अशा तक्रारी बाराव्या वर्षी दिसतात, आणि पाहायला यंत्र लागत नाही. झाडूचा दांडा पुरतो. मुलीने तो स्नॅचच्या रुंद पकडीत डोक्यावर धरून दहा पूर्ण बैठका मारायच्या. एकदा बाजूने, एकदा मागून मोबाईलवर चित्रण करायचे. दांडा कपाळाच्या पुढे सरकला तर खांदा किंवा पाठीचा वरचा भाग आखडलेला आहे. टाचा उचलल्या तर घोटा. एक कोपर आधी वाकले किंवा दांडा एका बाजूला कलला, तर ती बाजू कमजोर. हे दर तीन महिन्यांनी करून वहीत लिहायचे, आणि दांडा सरळ राहीपर्यंत त्या मुलीच्या स्नॅचवर वजन चढवायचे नाही. अडचण अशी की जिल्हा स्पर्धेत पदक वजनाला मिळते, आणि प्रशिक्षकाचे मानधन पदकाला चिकटवले की तो दांड्याची वही ठेवत नाही, प्लेटा चढवतो. हा दोष प्रशिक्षकाचा कमी आणि आपल्या कागदाचा जास्त.

साहित्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खरेदी आपल्या खात्याकडून होते. महिलांचा बार 15 किलोचा, 2.01 मीटर लांब आणि 25 मिलिमीटर जाड असतो. पुरुषांचा 20 किलोचा, 2.20 मीटर आणि 28 मिलिमीटर. कागदावर तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण या खेळात अंगठा बोटांखाली दाबून हूक ग्रिप धरावी लागते, आणि तेरा वर्षांच्या मुलीचा अंगठा 28 च्या बारभोवती पुरत नाही. पकड सुटेल या भीतीने ती हात आधीच वाकवते. हात वाकला की बार अंगापासून पुढे जातो, आणि मग ती लिफ्ट घेताना पुढे उडी मारते. ही सवय एकदा लागली की मोडायला वर्ष-वर्ष जाते. निविदेत नुसते ‘ऑलिंपिक बार’ लिहिले की पुरवठादार सरसकट 20 किलोचा देतो. तेव्हा जाडी, लांबी आणि वजन तिन्ही लिहून मागवावे.

बारसोबत पूर्ण व्यासाच्या, म्हणजे 450 मिलिमीटरच्या, पाच किलोच्या रबरी प्लेटाही हव्यात. त्या नसतील तर नवख्या मुली लहान लोखंडी प्लेटा लावतात, बार जमिनीपासून खूप खाली राहतो आणि पाठ गोल करूनच उचलावा लागतो. त्याहून लहान मुलींसाठी पाच ते दहा किलोचा ॲल्युमिनियमचा हलका बार. आणि अर्धा, एक, दीड, दोन किलोच्या छोट्या प्लेटा! अनेक ठिकाणी अडीचच्या खाली काहीच नसते, म्हणजे बार एका वेळी पाच किलोने वाढतो. 40 किलो स्नॅच करणाऱ्या मुलीला ही एकदम साडेबारा टक्क्यांची उडी आहे. एक किलोने हरण्याच्या खेळात एक किलोने वाढायची सोय नसावी, ही गंमतच म्हणायची.

सरावाचा प्लॅटफॉर्म 8 बाय 8 फुटांचा पुरतो. 18 मिलिमीटर मरीन प्लायचे दोन थर एकमेकांना आडवे टाकून स्क्रूने आवळायचे, त्यावर मधोमध 4 बाय 8 चा तिसरा थर, आणि दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीची रबरी मॅट. मॅट प्लायपेक्षा उंच झाली तर पाय अडकून घोटा मुरगळतो, खाली राहिली तर प्लेटा कडेवर आपटून प्लाय फुटतो. बारची प्लेटा लावायची दोन्ही टोके हाताने फिरवली तर मोकळी फिरली पाहिजेत. अडली की जर्कमध्ये सगळा पीळ मनगटावर येतो. आठवड्याला तेलाचे दोन थेंब आणि खडूची भुकटी झाडायला एक ब्रश एवढीच त्याची सेवा. कोकणात बार उघडा ठेवला तर पावसाळ्यात गंजतो, तिथे पुसून झाकून ठेवणे भाग आहे.

आता अंगावरचा किलो.

वडगाव मावळची हर्षदा गरुड 2022 मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला कनिष्ठ जागतिक विजेती झाली. या स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय, गट 45 किलोचा. मनमाडच्या आकांक्षा व्यवहारेने त्याच वर्षी युवा जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवले, गट 40 किलोचा. दोघींचे कौतुक आहेच. पण 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वात हलका गट 53 किलोचा आहे. मीराबाईसुद्धा रिओत 48 ला, टोकियो आणि पॅरिसला 49 ला, आणि 2025 मध्ये पुन्हा 48 ला खेळली. आपले पदकांचे पीक हलक्या गटांत आहे आणि ऑलिंपिकचे दार आठ किलो वर आहे. हे आठ किलो शिबिरात दोन महिन्यांत चढवले तर चरबी चढेल. चार-पाच वर्षांत, वर्षाला दीड-दोन किलो, ताकदीसोबत चढवले तर उपयोगाचे. हे अशक्य नाही. कर्णम मल्लेश्वरी 1994 आणि 1995 ला 54 किलो गटात जगज्जेती होती, आणि सिडनीला 2000 मध्ये कांस्य मिळवले ते 69 किलो गटात.

पण राज्याची बक्षिसे गट न पाहता पदकाला मिळत असतील, तर कोणती मुलगी, कोणता प्रशिक्षक वजन वाढवील? उलट मुलगी दोन किलो घटवून खालच्या गटात उतरते. स्पर्धेआधी दोन दिवस पाणी तोडायचे, उन्हात जॅकेट घालून पळायचे. खेळाडूंचे शरीराचे वजन घेणे स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होते आणि एक तास चालते, म्हणजे गेलेले पाणी भरून काढायला फार तर दोन तास मिळतात. तेवढ्यात शरीर पुरते सावरत नाही, जर्कला मांडीत पेटके येतात. 16 वर्षांखालील मुलींना सरावाच्या वजनापेक्षा दोन टक्क्यांहून खालच्या गटात उतरवू नये, असा नियम आपल्या राज्य स्पर्धांपुरता तरी करता येईल. त्यासाठी स्पर्धेच्या महिनाभर आधीचे वजन नोंदवून घ्यावे लागेल, बस.

आहारभत्त्याचा विचारही इथेच. 45 किलोच्या मुलीला दिवसाला 75 ते 90 ग्रॅम प्रथिने लागतात. चार अंडी, अर्धा लिटर दूध, 50 ग्रॅम शेंगदाणे आणि 50 ग्रॅम सोयाबीन वड्या यांत साधारण 80 ग्रॅम होतात. भाकरी आणि आमटी वेगळी. यात डब्यातली पावडर कुठेच नाही, हे मुद्दाम लिहितो. तालुक्याच्या दुकानातल्या पावडरीत काय मिसळले आहे ते कुणालाच माहीत नसते, आणि उत्तेजक चाचणीत नमुना सदोष निघाला तर बंदीत चार वर्षांपर्यंत मुलीची जातात, दुकानदाराची नाही. भत्ता रोख देण्याऐवजी संकुलातच अंडी-दूध दिले तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

पॅरिसनंतर मीराबाईने उघडपणे सांगितले की तो तिच्या पाळीचा तिसरा दिवस होता. एवढ्या मोठ्या खेळाडूने ते बोलून दाखवले हे चांगले झाले. आपल्याकडे मुली पुरुष प्रशिक्षकाला ते सांगत नाहीत, सरावाला येत नाहीत, आणि वहीत ‘गैरहजर’ लागते. प्रत्येक केंद्रावर आठवड्यातून दोन दिवस का होईना, महिला प्रशिक्षक किंवा फिजिओ हवी, जिच्याकडे ही नोंद राहील. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासावे; तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ते होते. वजन घेण्याच्या खोलीत महिला अधिकारीच असावी, हे तर लिहावे लागू नये.

शेवटचा किलो कागदावरचा. खेळाडूच्या कार्डावर पुढची लिफ्ट लिहिणाऱ्याला बाहेर मंचावर कोण कधी किती उचलणार ही मांडणी वाचता आली पाहिजे. वजन दोनदाच बदलता येते, तेही घड्याळात शेवटचे 30 सेकंद उरण्याआधी. मंचावरच्या साधारण तीन लिफ्टमागे आत सराव-खोलीत आपल्या खेळाडूची एक, हे मोजत राहावे लागते. चुकले की मुलगी गार अंगाने पहिल्या लिफ्टला जाते. पहिली लिफ्ट तीच, जी सरावात सलग तीनदा झाली आहे. पॅरिसला मीराबाईची 111 ची पहिली जर्क फसली आणि तेच वजन पुन्हा घेण्यात एक संधी गेली. मग 114 साठी एकच उरली. सिडनीला मल्लेश्वरीने 130 नंतर थेट 137.5 मागितले आणि ते फसले; 132.5 ने पहिल्या दोघींशी बरोबरी झाली असती. हे शिकवायला दोन दिवसांचे शिबिर पुरते. बालेवाडीत जागा आहे, खडू-फळाही आहे.

आमची मागणी नव्या संकुलाची नाही. या वर्षी ज्या तालुका संकुलांत वेटलिफ्टिंग चालते तिथे प्रत्येकी 25 मिलिमीटरचे दोन बार, पूर्ण व्यासाच्या पाच किलोच्या प्लेटांच्या दोन जोड्या आणि छोट्या प्लेटांचा एक संच द्यावा. 53 किलो आणि त्यावरच्या गटांतल्या युवा मुलींसाठी वेगळी शिष्यवृत्ती सुरू करावी, आणि प्रशिक्षकाच्या मूल्यमापनात पदकांइतकेच गुण त्या दांड्याच्या वहीला द्यावेत. निविदेचा मसुदा निघण्याआधी तो आम्हाला दाखवला, तर बारची मापे तपासून आठ दिवसांत परत करू.

आपले,
राज्यातील काही वेटलिफ्टिंग प्रशिक्षक व तांत्रिक अधिकारी