न बघता सही केलेला पंचनामा : गृहमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी साताऱ्याचा, पोवई नाक्याच्या बाजूला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हेच दुकान जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यासमोर होतं, आणि ठाण्यासमोर धंदा म्हणल्यावर हवालदार कधीही येणार, "चल रे, पंच म्हणून सही करायचीय, दोन मिनिटाचं काम". नाही कोण म्हणणार, उद्या त्यांच्याच दारात शटर उघडायचंय. चार-पाच वेळा तरी केल्या असतील मी सह्या. त्यातली एक अजून झोपू देत नाही.

वस्तीवर दरोडा पडलेला, म्हातारीला मारहाण झालेली, दागिने गेलेले. दोन दिवसांनी पारधी समाजातला एक पोरगा उचलून आणला, वीस-बावीसचा असेल. माझ्यापुढं टाईप केलेला कागद आला. त्यात लिहिलेलं की आरोपीने आमच्यासमोर स्वखुशीने सांगितलं दागिने कुठं पुरलेत, मग आम्ही पंच आणि पोलीस जीपने ओढ्याला गेलो आणि त्याने बाभळीखालची माती उकरून डोरलं आणि जोडवी काढून दिली. साहेब, मी जीपमध्ये बसलोच नाही. ओढा बघितला नाही. डोरलं टेबलावर होतं, रुमालात. मी सही केली आणि पुढं कोर्टात उभा राहून, शपथ घेऊन, आदल्या दिवशी वाचून दाखवलेलं तसंच्या तसं बोललो.

पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण त्या कबुलीमुळं वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. जुन्या कायद्यातलं कलम २७, आता भारतीय साक्ष अधिनियमात २३. हे मला नंतर एका वकिलांनी समजावलं, तेव्हा कळलं की अख्खी केस माझ्या सहीवर उभी होती. दुसरा पुरावा म्हातारीचा, तिने ओळखपरेडमध्ये त्यालाच ओळखलं. पण परेडच्या आधी तिला ठाण्याच्या व्हरांड्यात त्याच्यासमोर बसवलेलं मी दुकानातून बघितलंय. ती बाई खोटं बोलत नव्हती, तिला मनापासून वाटत होतं की हाच तो, अंधारात बघितलेला चेहरा आणि व्हरांड्यातला चेहरा तिच्या डोक्यात एक झाले होते. अमेरिकेत डीएनए तपासणीमुळं जे निर्दोष सुटले त्यातल्या निम्म्याहून जास्त केसेसमध्ये साक्षीदाराने असाच चुकीचा माणूस ओळखला होता.

सात वर्षांची शिक्षा लागली. हायकोर्टाने सोडला तोवर पाच वर्षं आत गेली होती, आई वारली होती. नंतर एकदा एसटी स्टँडवर दिसला. तो मला ओळखला नाही, मी मान खाली घालून निघून आलो.

हे एका पोराचं नाही. २००३ ची जालना जिल्ह्यातली भोकरदनची दरोडा आणि खुनाची केस तुम्हाला माहीत असणार. भटक्या जमातीतली सहा माणसं, २००९ ला सुप्रीम कोर्टानेच सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि ५ मार्च २०१९ ला त्याच कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, सोळा वर्षांनी. जी बाई त्यातून वाचली तिने आधी पोलिसांच्या फोटो अल्बममधून वेगळेच चार जण ओळखले होते, त्यांना कुणी धरलंच नाही! कोर्टाने प्रत्येकी ५ लाख द्यायला लावले आणि तपासात चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा म्हणून राज्याला सांगितलं. त्यांच्यावर काय कारवाई झाली ते आम्हाला सांगा. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ ला गेला, पण चोरी झाली की जीप अजून आधी पारध्यांच्या पालाकडंच वळते.

आणि आमच्या शेजारी सांगलीत २०१७ ला काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही, लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला तरुण कोठडीत मेला, आंबोलीला नेऊन मृतदेह जाळला, पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. कबुली काढणं म्हणजेच तपास असं ज्यांना वाटतं त्यांच्या हातून हेच होणार.

आता १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ आहे, झडती-जप्तीचं मोबाईलवर शूटिंग करायचं आणि लगेच मॅजिस्ट्रेटकडं पाठवायचं. चांगलंय. तेव्हा हे असतं तर रुमालातलं डोरलं बाभळीखाली गेलंच नसतं. पण शूटिंग खड्डा खणायच्या आधीपासून सुरू पाहिजे, पंचाचा चेहरा त्यात दिसला पाहिजे, आणि प्रत्येक ठाण्यात कोणता पंच किती केसेसमध्ये आहे याची यादी काढा, तीच तीच नावं निघतील, चहावाले, रिक्षावाले, माझ्यासारखे दुकानदार. ज्या केसमध्ये शूटिंग नाही तिथं अधिकाऱ्याला लेखी कारण द्यायला लावा.

भरपाईचं पण बघा. विनाकारण अटक झाली तर कायद्यात भरपाई आहे जास्तीत जास्त १००० रुपये, नव्या कायद्यातही आकडा तोच ठेवलाय. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात निर्दोष माणसाला भरपाई देणारी वेगळी तरतूद कायद्यात करा म्हणून सुचवलं. पाच वर्षं जेलमध्ये गेलेल्या त्या पोराला एक रुपया मिळालेला नाही.

माझ्या खोट्या साक्षीबद्दल जबाब द्यायला मी तयार आहे, जी काय कारवाई व्हायची ती होऊ दे. फक्त तो जबाब घेताना कॅमेरा चालू ठेवा आणि कागद माझ्यासमोर लिहा.

आपला,
एक जुना पंच, सातारा