चकाकी पाहायची तर वस्तू हलवा

महोदय,

विज्ञान प्रदर्शनांत ‘दृष्टी’ हा विषय भ्रमचित्रांवरच उरकला जातो, याची खंत वाटते. वस्तूचा आकार आपल्याला कसा कळतो, हे दाखवायला स्टीलचा एक चमचा पुरतो.

चमचा पालथा धरून खिडकीपाशी हळूहळू फिरवावा. त्यावरचा ओरखडा धातूबरोबर सरकतो. खिडकीचे प्रतिबिंब मात्र पृष्ठभागावरून घसरते. कमी वळणाच्या भागावरून ते झर्रकन पळते, काठाच्या तीव्र वळणावर रेंगाळते, जणू चिकटूनच बसते. वेगातला हा फरक मेंदूला वळण किती तीव्र आहे ते सांगतो, शिवाय पृष्ठभाग चकचकीत आहे हेही. दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यास फुगीर बाजूवरची चकाकी पृष्ठभागाच्या किंचित मागे भासते. मेंदू या खोलीचाही उपयोग करतो, हे ब्लेक आणि ब्युल्टहॉफ या दृष्टी-संशोधकांनी 1990 मध्ये दाखवले.

गफलत होते ती आरशासारख्या गुळगुळीत वस्तूत. धरून ठेवायला एकही ओरखडा नसला, की मेंदू प्रतिबिंबालाच पृष्ठभागावरची नक्षी समजतो. मग वस्तू भलत्याच अक्षाभोवती फिरताना दिसते, कधी टणक असूनही लिबलिबीत वाटते. टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, आकार लगेच जागेवर येतो. त्रिमितीय स्कॅनिंगपूर्वी चकचकीत भागांवर पांढरा स्प्रे मारतात तो याचसाठी.

पत्र्यावरचा उथळ पोचा शोधतानाही एका जागी उभे राहू नये. सरळ ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहत डोके वीतभर हलवावे. रेघ जिथे लचकते, तिथे पोचा असतो.

— एक वाचक