वारसा कराचं नंतर बघा, आधी नॉमिनीला पैसे तरी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला वारसा करावरचा लेख काल वाचला आणि तेव्हापासून डोकं शांत नाही म्हणून लिहितेय. भारतात आईवडिलांच्या मागे मुलांना सगळं आयतं मिळतं, सरकारला एक रुपया जात नाही, तेव्हा कर परत आणा असा एकूण सूर. अतिश्रीमंतांपुरतं ते मला पटूही शकेल. पण इस्टेट ड्युटी, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर, 1953 पासून 1985 पर्यंत आपल्याकडे होतीच की, सगळ्यात वरच्या टप्प्यावर 85 टक्क्यांपर्यंत गेली होती, आणि वि. प्र. सिंग अर्थमंत्री असताना ती बंद झाली तेव्हा कारणच हे दिलं होतं की वसुली थोडी आणि कारभाराचा खटाटोप जास्त. एवढा मोठा लेख आणि त्यात याचा साधा उल्लेख नाही. शिवाय वडिलोपार्जित घर विकलं की कॅपिटल गेन टॅक्स, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरचा कर, भरावा लागतोच, तेव्हा सरकारला काहीच जात नाही हेही बरोबर नाही.

पण माझा खरा राग त्या 'आयतं मिळतं' वर आहे. आमचे अण्णा गेले. त्यांच्या एफडीच्या सगळ्या पावत्या एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात लाल पेनाने मुदत संपायची तारीख, आणि पावतीवर बँकेनेच छापलेलं की नॉमिनेशन रजिस्टर्ड, नाव आईचं. म्हणजे माणसाने करायचं ते सगळं करून ठेवलेलं. आई आणि मी मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पॅन, पावत्या सगळं घेऊन ब्रांचमध्ये गेलो तर टेबलावरचे साहेब म्हणाले कोर्टाचा वारस दाखला आणा. मी म्हटलं अहो नॉमिनी आहे ना, समोर बसलीय. तर म्हणे रक्कम मोठी आहे, रिस्क आम्ही घेत नाही. मग दोन्ही मुलांची एनओसी, दोन जामीनदार, इन्डेम्निटी बाँड (उद्या बँकेचं नुकसान झालं तर भरून देऊ अशी लेखी हमी), आणि 500 च्या स्टॅम्पपेपरवर आईचं अफिडेविट, ज्यात एक वाक्य असं की माझ्या पतीने दुसरं लग्न केलेलं नव्हतं. माझ्या आईला, पन्नास वर्षांच्या संसारानंतर, नोटरीच्या टपरीवर उभं राहून हे वाक्य वाचून त्याखाली सही करावी लागली. तिचा हात थरथरत होता म्हणून सही नमुन्याशी जुळली नाही, मग ते परत. घरी आल्यावर ती त्या दिवशी कुणाशी बोलली नाही.

आता नियम काय आहे ते ऐका. रिझर्व्ह बँकेने 2005 सालीच बँकांना स्पष्ट लिहून दिलंय की खात्यावर नॉमिनी असेल तर रक्कम कितीही असो, सक्सेशन सर्टिफिकेट (म्हणजे तोच कोर्टाचा वारस दाखला), प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का), इन्डेम्निटी बाँड, जामीनदार यातलं काहीही मागायचं नाही आणि कागद पूर्ण आल्यावर 15 दिवसांत क्लेम निकाली काढायचा. आणि बँकेला भीती कसली? नॉमिनीला पैसे दिले की कायद्याने बँकेची जबाबदारी संपते, बँकिंग रेग्युलेशन ॲक्टमध्ये तसं कलमच आहे. नॉमिनी मालक होत नाही, तो फक्त पैसे ताब्यात घेतो, पुढे आई, भाऊ आणि मी आमचा तिघांचा हिशेब आमच्या घरात बघू, तो बँकेने बघायचाच नाहीये. नॉमिनी म्हणजे मालक नाही हे सुप्रीम कोर्टाने शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा एकदा सांगितलं, तर आमचे साहेब त्याच निकालाचं नाव घेऊन आईला अडवत होते! निकाल वारसांच्या आपसातल्या हक्कांबद्दल आहे, बँकेने पैसे दाबून ठेवायला नाही.

लेखात प्रोबेटबद्दलही असं लिहिलंय की मृत्युपत्र असलं की प्रोबेट घ्यावंच लागतं. हे वाचून किती लोक उगाच वकिलाकडे धावतील. प्रोबेटची सक्ती मुख्यतः मुंबई, कोलकाता, चेन्नई इथली होती, पुण्या-नाशिकच्या माणसाने पुण्या-नाशिकच्या घराचं मृत्युपत्र केलं तर ती कधीच नव्हती, आणि डिसेंबर 2025 मध्ये संसदेने भारतीय वारसा कायद्यातलं सक्तीचं ते कलम 213 च काढून टाकलं. छापण्याआधी कुणी जाणकाराने डोळ्याखालून घालायला नको का?

रिझर्व्ह बँकेने आता 2025 मध्ये नवीन निर्देश काढलेत, त्यात उशीर झाला तर बँकेने बँक रेटवर (रिझर्व्ह बँक ठरवते त्या व्याजदरावर) वर्षाला 4 टक्के जास्त धरून भरपाई द्यायची असं आहे, लॉकरला दिवसाला 5000 रुपये. चांगलं आहे. पण हा नियम ब्रांचमध्ये दर्शनी भागात मराठीत लावलेला कुणी पाहिलाय का? आमच्याकडे निदान दोन शिकलेली मुलं होती, ज्या बाईला कुणी नाही तिने काय करायचं? ती एकदोनदा जाऊन येते आणि सोडून देते, आणि 10 वर्षं कुणी हात लावला नाही की ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाऊन पडतात. मग ते शोधायला उद्गम नावाचं पोर्टल. दारात आलेल्या माणसाला हाकलायचं आणि मग पोर्टलवर शोधत बसायचं, हे बरोबर आहे का?

तुमच्या वार्ताहरांनी चार ब्रांचमध्ये जाऊन नॉमिनी असताना कोणकोणते कागद मागतात एवढं विचारून छापावं. कराच्या चर्चेपेक्षा त्याचा उपयोग जास्त घरांना होईल.

जाता जाता अजून एक, कारण ते तुमच्याच हातात आहे. अण्णांच्या फ्लॅटसाठी सोसायटीने जाहीर नोटीस द्यायला लावली, ती आम्ही तुमच्याच पेपरात दिली. पैसे भरपूर घेतलेत, पण अक्षर इतकं बारीक की आईला भिंगातूनही अण्णांचं नाव वाचता आलं नाही. हरकत असलेल्या माणसाला ती दिसावी म्हणून नोटीस असते. कृपया टाइप मोठा करा.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे