पावडर कुठली भरायची ते राहू दे, पेलेट कुठलं घ्यायचं ते आधी बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं आणि आमच्या निपाणी भागातल्या पोरांना रायफलचं वेडच लागलं. तेजस्विनी सावंत २०१० ला वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा पण बोलणं व्हायचं, पण आत्ता घराघरात चाललंय. मी मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त झालोय, एका जुन्या तंबाखूच्या वखारीत सकाळी दोन तास पोरांना १० मीटर एअर रायफल (पावडर नाही, हवेच्या दाबावर शिशाची बारकी गोळी म्हणजे पेलेट मारते ती) शिकवतो, त्यावरनं हे पत्र लिहितोय.

गेल्या महिन्यात दहावीतला एक पोरगा मला विचारतोय, "काका, पावडर कुठली चांगली ओ, आणि बुलेट किती ग्रेनचं घ्यायचं?" मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेत त्यानं, तिकडं लोक घरात बसून काडतुसं भरतात. मी त्याला रागावलो नाही, खाली बसवून सगळं सांगितलं, तेच इथं लिहितो कारण असे प्रश्न आता बरेच जण विचारूलेत.

तिकडं जे भरतात ते मोठ्या काडतुसाचं काम. पितळेची केस, पिन आपटली की पेटणारा प्रायमर, पावडर आणि बुलेट, चार वस्तू. बुलेट जड असलं की पावडर सावकाश जळणारी लागते, हलक्याला जरा लवकर जळणारी चालते, बुलेट लांब असलं की बॅरलच्या आतला पीळ पण जास्त लागतो नाहीतर ते हवेत डगमगतं. प्रत्येक काडतुसाचा वेग सारखा आला पाहिजे म्हणून पावडर ग्रेनमध्ये मोजून घालतात, एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, आणि कंपनीच्या छापील तक्त्याबाहेर जायचं नसतं, चुकीची पावडर पडली तर काडतूस बसतं ते चेंबर फुटून माणसाच्या तोंडावर येतं. फटाक्यातली दारू तर त्यात बिलकुल चालत नाही, हे मुद्दाम लिहितोय. रायफल स्पर्धेत ही खटपट जास्त करून ३०० मीटर आणि त्याच्यापुढच्या नेमबाजीसाठी, आणि ३०० मीटर रायफल १९७२ च्या म्युनिकनंतर ऑलिम्पिकमध्ये नाहीच. शिवाय आपल्याकडं १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, पालकांनी हे घरात स्पष्ट सांगावं.

स्वप्नील मारतो ती पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची बोअरची रायफल. तिचं काडतूस परत भरताच येत नाही, कारण पेटणारा मसाला केसच्या कडेत असतो आणि पिन त्या कडेवरच आपटते, एकदा कड चेपली की संपलं. मग ते शूटर काय निवडतात? लॉट निवडतात, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला माल, त्याचा नंबर डब्यावर असतो. ४० ग्रेनचं शिशाचं बुलेट, वेग आवाजाच्या वेगापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवलेला, तरी पण एकाच कंपनीच्या एकाच डब्यावरच्या नावाखाली दोन लॉट वेगळे लागतात. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांकडं तर शूटर आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात बांधून एकेक लॉट मारून बघतात, आणि जो आपल्या बॅरलला बसेल तोच वर्षभराचा उचलतात.

आणि हेच एअर रायफलला पण लागू आहे, तिथं आमची पोरं मार खातात. १० मीटरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. दशांशात मोजतात, ०.२५ मिलिमीटर सरकलं की ०.१ गेला. प्रत्येक शॉटमागं सरासरी ०.१ गेला तर ६० शॉटमध्ये ६ गुण गेले, आणि ६ गुण म्हणजे फायनलच्या आठात येणारा पोरगा पार खाली. माझ्या स्वतःच्या पोरीचं हेच झालं. स्पर्धेच्या आठ दिवस आधी पेलेट संपली, मी दुकानातनं तीच कंपनी तेच ४.५० हेड (पेलेटच्या डोक्याची जाडी, मिलिमीटरमध्ये) बघून डबा आणला, लॉट नंबर बघितलाच नाही. बेंगळूरला तिचे गुण पडले आणि ती बिचारी आपलंच काहीतरी चुकलं म्हणून परत येताना बसमध्ये रडत होती. घरी येऊन रायफल वाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात बांधली, दोन्ही डब्यांतली दहा दहा पेलेट मारली. जुन्या दहांचं मिळून भोक बाहेरून बाहेर साडेपाच मिलिमीटर, नव्याचं नऊ. चूक माझी होती आणि भोगलं तिनं, ते मला अजून लागतं.

म्हणून पालकांना सांगतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असे एकेक डबे आणा, रायफल बांधून दहा दहा मारा, व्हर्नियरनं मोजा, मग त्याच लॉटचे डबे एकदम घ्या. बाकीचं साधं आहे, पेलेटचा मागचा घेर मऊ असतो, डबा लाल बसमध्ये दप्तरात खडखडत नेला की चेपतो, टॉवेलात गुंडाळून न्या. पावसाळ्यात शिशावर पांढरं चढतं, डबा घट्ट बंद ठेवा. आणि पेलेटला हात लावल्यावर पोरांना हात धुतल्याशिवाय काही खाऊ देऊ नका, शिसं पोटात जाता कामा नये.

एकट्या घराला चार डबे आणून तपासणं परवडत नाही हे मला माहीत आहे, बिडीच्या पैशावर पोरं शिकवणाऱ्या आया माझ्याकडं येतात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूरच्या पालकांनी मिळून घेतलं तर जमेल, आणि जिल्ह्याच्या क्रीडा खात्यानं बेळगावात एका रेंजवर एक वाइस आणि एक माणूस महिन्यातनं दोन दिवस जरी दिला तरी पुष्कळ झालं. बेळगाव ही मराठा लाइट इन्फंट्रीची जागा, रायफल कळणारे निवृत्त लोक इथं गल्लोगल्ली आहेत, पगार नको म्हणतील. मी स्वतः दर रविवारी यायला तयार आहे, वाइस पण माझाच आणतो.

आपला,
एक निवृत्त हवालदार, निपाणी