ओहागी आणि आपलं पुरण

नागोया,
२४ सप्टेंबर २०२४

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आबांच्या तिथीचा स्वयंपाक यंदा तू एकटीने उरकलास, असं ताईकडून कळलं. इथेही हा आठवडा पितरांचाच आहे. दिवस-रात्र सारखी होते तो दिवस, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन, असे हे सात दिवस. त्यांना ‘हिगान’ म्हणतात. लोक घराण्याच्या थडग्यांवर जातात, दगड धुऊन काढतात, फुलं वाहतात, उदबत्ती लावतात आणि गोडाचा नैवेद्य ठेवतात. हा नैवेद्य म्हणजे ओहागी. आपला उकडीचा मोदक उलटा केला तर कसा होईल, तसा: आत भात, बाहेर पुरण!

खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला ते करायला बोलावलं होतं. आझुकी नावाचं एक गडद लाल कडधान्य असतं, मूग-उडीद-चवळीच्याच कुळातलं, दाण्याच्या कडेला पांढरी रेघ असलेलं. ते भिजवायचीही गरज नसते. एक उकळी आली की पहिलं पाणी टाकून द्यायचं. कट असा सिंकमध्ये जाताना पाहून माझा जीव वरखाली झाला, पण ते पाणी तुरट असतं, आमटीच्या कामाचं नाही. मग नवीन पाण्यात मंद आचेवर शिजवत राहायचं, दाणा दोन बोटांत सहज चिरडेपर्यंत. साखर त्यानंतरच, आणि तीही थोडी थोडी करून. आधी घातली तर दाणे ताठरतात. साखरेचं वजन कोरड्या दाण्यांच्या जवळपास बरोबरीचं. शेवटी चिमूटभर मीठ. तूप नाही, वेलची नाही, जायफळही नाही. तू पुरणात उलथनं उभं राहतंय का बघतेस ना? आजी भांड्याच्या तळावर उलथन्याने रेघ ओढतात. रेघ क्षणभर तशीच राहिली की गॅस बंद.

या पुरणाला ‘आन्को’ म्हणतात. सालासकट ठेवलं तर ते ‘त्सुबुआन’. चाळणीवर घासून, साल काढून, फडक्यात पिळून केलं तर ‘कोशिआन’, म्हणजे आपल्या पुरणयंत्रातून काढल्यासारखं मऊसूत. मला सालासकटच आवडतं. दाताखाली दाणा येतो आणि कडधान्याची मातकट चव गोडाच्या मागे टिकून राहते. ओहागीसाठी चिकट तांदळात साधा तांदूळ मिसळून भात करतात, तो अर्धवट कुटतात, लाडू वळतात आणि वरून आन्कोचा जाड थर देतात. आजींचा हात इतका हलका की भाताचा एक दाणाही बाहेर डोकावत नव्हता.

मला हे पहिल्या घासापासून आवडलं, कारण डाळ गोड करायची हे आपल्याला नवं नाही. पण आमच्या ऑफिसात एक ब्राझीलचा सहकारी आहे (या आइची प्रांतात ब्राझीलची माणसं जपानभरात सर्वांत जास्त आहेत). त्याच्या घरी रोजच्या जेवणात भाताबरोबर बीन्स असतात, लसूण-मीठ घालून शिजवलेले. बीन्समध्ये साखर म्हणजे त्याला अनर्थच वाटतो. मी त्याला समजू शकते. मला नात्तोने असाच घाम फोडला होता. आंबवलेलं सोयाबीन, चॉपस्टिक्सने उचललं की तारा सुटतात आणि वास उग्र. पण आता गरम भातावर थोडी मोहरीची चटणी आणि सोया सॉस घालून मी तो आवडीने खाते. नवीन पदार्थाला पहिल्या घासावरून नापास करू नये, असं माझं ठाम मत झालंय. पहिला घास नुसता ओळख होण्यापुरता असतो, चव दुसऱ्यापासून कळते.

जपान्यांनाही कधीकाळी पाव परकाच होता. तोक्योच्या किमुरा यासुबेई नावाच्या बेकरीवाल्याने १८७४ साली त्या पावाच्या पोटात आन्को भरलं. पीठही साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) विरजणावर फुगवलेलं, म्हणजे वास ओळखीचा. पुढच्याच वर्षी, खारवलेलं चेरीचं फूल वर लावून, तो पाव मेइजी सम्राटांपुढे गेला. आज ‘आनपान’ प्रत्येक दुकानात मिळतो. परका पदार्थ ओळखीच्या गोडाचा हात धरून घरात आला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. इथे नागोयात तर सकाळी कॉफीबरोबर जाड पावाचा टोस्ट, त्यावर लोणी आणि आन्को असा नाश्ता करतात. खारट लोणी विरघळत त्या गोडात उतरतं. बाबांना हे नक्की आवडेल.

ओहागीची परतफेड म्हणून मी आजींना पुरणपोळी करून दिली. डाळ गोड, हे त्यांना अगदी सहज पटलं. त्यांच्याकडे पांढऱ्या घेवड्याचंही आन्को असतं, त्यामुळे पिवळ्या पुरणाचं नवल वाटलं नाही. त्या अडखळल्या त्या वेलचीपाशी! एक घास, मग पोळीचा वास, मग पुन्हा एक घास. पोळी मात्र संपवली, आणि वरच्या तुपाबद्दल दोनदा विचारलं.

दिवाळीला येताना योकान आणते. आन्को, साखर आणि समुद्री शेवाळापासून काढलेलं आगर यांची ती घट्ट वडी असते. त्यात जिलेटिन नसतं, त्यामुळे बाबांनाही चालेल. सीलबंद असली की महिनोन्महिने टिकते, म्हणून सामानात त्रास नाही.

तोवर तू एक कर. बाजारात लाल चवळी मिळाली तर वाटीभर आण आणि वर लिहिल्याप्रमाणे शिजव. पहिलं पाणी टाकायला विसरू नकोस, वेलचीचा मोह आवर आणि मीठ अगदी शेवटी घाल. आपल्या आजीला आधी काही न सांगता चाखायला दे. दुसरा घास घेतल्यावर ती काय म्हणते, ते मला फोनवर शब्दशः सांग.

बाबांना व आजीला नमस्कार, ताईच्या पिल्लांना आशीर्वाद.

तुझी,
मनू