आई, लेन्स सोडून चष्मा लावताना

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आई, डोळे कोरडे पडतात म्हणून लेन्स बंद करायच्या ठरल्या, ते चांगलं झालं. चष्म्याने पहिले काही दिवस वेगळंच दिसेल. त्यातलं सवयीचं किती आणि चष्म्यातल्या दोषाचं किती, हे तुम्हा दोघांना आधीच माहीत असावं म्हणून लिहितेय. विचित्र दिसलं की ‘वय झालं’ म्हणून गप्प बसायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

लेन्स थेट बुबुळावर बसते, चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिमी पुढे असते. बराचसा फरक या अंतरामुळेच पडतो. तुझी लेन्स उणे ७ची आहे, त्यामुळे चष्म्याच्या कागदावर उणे ७.५० किंवा ७.७५ आलं तर नंबर वाढला असं समजू नकोस. काच लांब गेली की तेवढंच काम करायला तिला जास्त ताकद लागते. मोठ्या उणे नंबरच्या काचेतून सगळं लहानही दिसतं, तुझ्या बाबतीत लेन्सपेक्षा साधारण ८ टक्क्यांनी. त्यामुळे जमीन लांब गेल्यासारखी वाटेल, दाराची कडी धरताना हात थोडा चुकेल. हे सवयीने जातं.

नंबर काढायला जाण्याआधी लेन्स काढून ठेवायच्या. वर्षानुवर्षं लेन्स घातल्याने बुबुळाचा आकार किंचित बदललेला असतो. तो पूर्ववत होण्याआधीच नंबर काढला तर नवा चष्मा थोड्याच दिवसांत चुकतो. सॉफ्ट लेन्सला कमी वेळ पुरतो, सेमी-सॉफ्टला (थोड्या कडक लेन्सला) काही आठवडेही लागू शकतात, म्हणून किती दिवस आधी काढायच्या ते डॉक्टरांनाच विचार. तोवर जुना चष्मा लाव आणि एकटी बाहेर पडू नकोस.

सगळ्यात जास्त त्रास कडेने बघताना होईल. लेन्स डोळ्याबरोबर फिरायची, काच फिरत नाही. ७.५० नंबरच्या काचेतून मध्यापासून १ सेंमी बाजूने पाहिलं, तर १ मीटरवरची वस्तू जागेवरून साडेसात सेंमी सरकलेली दिसते. पायरी उतरताना ही चूक महागात पडते. म्हणून नुसते डोळे न वळवता मान वळवायची. जिन्यावर हनुवटी छातीकडे घेऊन काचेच्या मधल्या भागातून पायरी बघायची आणि एक हात कठड्यावर ठेवायचा. प्रोग्रेसिव्ह काच (एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर) घेतलीस तर हे अधिकच पाळ, कारण तिचा खालचा भाग वाचनाचा असतो आणि त्यातून पायरी अंधुक दिसते. माझं मत विचारशील तर चालायला आणि बाहेर जायला फक्त लांबचा एक वेगळा चष्मा असावाच. तुझ्या वयात पडणं टाळण्यापेक्षा मोठं काही नाही.

एक फायदाही आहे. सुईत दोरा ओवायचा असेल किंवा औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची असतील, तर चष्मा काढ आणि वस्तू डोळ्यापासून साधारण १४ सेंमीवर धर. तुझ्या नंबरला तिथे काचेशिवाय स्वच्छ दिसतं.

सिलिंडरचा नंबर (बुबुळाचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसला की लागतो तो) लेन्समध्ये बहुतेक वेळा थोडाफार सोडून दिलेला असतो. चष्म्यात तो पूर्ण दिला की फरशी तिरकी आणि चौकटी कललेल्या दिसतात. हेही बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत बसतं.

फ्रेम लहान आणि गोलसर घे, बाहुल्या काचेच्या मधोमध येतील अशी. मोठ्या फ्रेममध्ये काचेच्या कडा जाड होतात आणि वजनाने चष्मा नाकावरून घसरतो. १.६७ किंवा १.७४ इंडेक्सची (म्हणजे प्रकाश जास्त वळवणारी) काच पातळ असते, पण तिच्या कडेला दिव्याभोवती रंगीत रेषा दिसू शकतात. त्याने बिचकू नकोस.

बाबा, तुमच्याकडे एक काम. चष्मा आला की आईच्या समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसून बघा. दोन्ही काचा सारख्या उंचीवर आहेत का? एक काच नुसती २ मिमी खाली असली, तरी या नंबरला दोन डोळ्यांच्या चित्रांत वर-खाली फरक पडतो, आणि डोळे तो फारसा सहन करत नाहीत. डोकं दुखतं, वाचताना ओळी एकमेकींत शिरतात. चष्मा टेबलावर ठेवून पाहणं पुरेसं नाही, कारण पुष्कळ जणांचे कान एका उंचीवर नसतात. काडीचा बाक कानाच्या वर, जिथे कान सुरू होतो तिथेच यायला हवा. पुढे आला तर कान दुखतो, मागे गेला तर चष्मा घसरतो. हे चष्मेवाल्यांकडून करून घ्या, घरी काडी वाकवू नका.

चष्मा दोन्ही हातांनी काढायचा, कोरडा पुसायचा नाही. आधी साध्या पाण्याखाली धूळ जाऊ द्या, मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग मऊ कापड. गरम पाण्याने आणि उन्हात तापलेल्या गाडीत कोटिंगला तडे जातात.

आई, नवा चष्मा सकाळी उठल्यापासून लाव. अर्धा दिवस जुना आणि अर्धा दिवस नवा असं केलंस तर सवय लांबते. दोन आठवड्यांनंतरही डोकं दुखत राहिलं किंवा तिरकं दिसत राहिलं, तर चष्मा परत नेऊन नंबर, बाहुल्यांमधलं अंतर आणि काचेचा मध्य तपासून घ्या. त्यात संकोच नको.

काही गोष्टींचा मात्र चष्म्याशी संबंध नसतो. अचानक प्रकाशाच्या चमका, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं दिसणं, एकाएकी दोन-दोन दिसणं, किंवा एक डोळा झाकल्यावर दुसऱ्याने सरळ रेषा वाकडी दिसणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोठ्या उणे नंबरच्या डोळ्यांत आतला पडदा (रेटिना) सुटण्याचा धोका जास्त असतो, म्हणून तिथे सवय होईल म्हणून वाट पाहायची नाही. मला नंतर फोन केलात तरी चालेल.

नंबरच्या कागदाचा फोटो, आणि आईने चष्मा लावलेला समोरून एक फोटो पाठवा. उंची मीही बघते.

तुमची लेक